थोरली राख, धाकटी राख

गल्लीत तिला सगळे राखबाई म्हणत. अगदी तोंडावर म्हणत, आणि तिला त्याचा राग येत नसे. राग यायला तिच्याकडे इतर कारणं भरपूर होती. ती कामावरून परतताना कोपऱ्यावरचा शिंपी हमखास खडा टाकी, "काय राखबाई, आज किती राख चाळली?" त्यावर ती चालता चालताच म्हणे, "तुम्ही बिघडवलेल्या कपड्यांएवढी." दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न.

डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना राखेचं मेलं कौतुक कसलं! डोंगर धुमसतो, मध्येच शिंकतो, की आठवडाभर छपरं झाडा, गटारं उपसा, डोळे चोळत फिरा. राखबाई मात्र त्या राखेवरच जगत होती. ती ज्वालामुखीच्या प्रयोगशाळेत होती. विज्ञानाची पदवी घेऊन ती तिथे चिकटली ती केस पिकले तरी तिथेच. ती सांगे, ही राख म्हणजे चुलीतली राख नव्हे. डोंगर फुटतो तेव्हा वितळलेला दगड उंच उडतो, हवेत झटकन गार होतो आणि त्याची काच बनते. पिठाएवढ्या बारीक काचेचे कण. प्रत्येक उद्रेकाच्या काचेत सिलिका, सोडियम, पोटॅशियम, लोह यांचं प्रमाण किंचित वेगळं असतं. सख्ख्या बहिणींच्या चेहऱ्यात असतो तेवढाच फरक, पण असतो. तो फरक सापडला की शंभर कोस दूरच्या दोन तळ्यांच्या गाळात एकच राख ओळखता येते, आणि मग दोन्हीकडचा तो थर एकाच दिवसाचा आहे हे छातीठोकपणे सांगता येतं.

राख धुवायची, चाळायची, रेझिनच्या वडीत बसवायची आणि ती वडी आरशासारखी होईपर्यंत घासायची, हे तिचं काम. मग वडी यंत्रात ठेवून एकेका कणावर इलेक्ट्रॉनचा किरण सोडायचा आणि आकडे घ्यायचे. तिचा हात इतका बसला होता की मॅडम, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख, तिच्या वडीकडे पुन्हा बघतसुद्धा नसत. नवीन आलेल्यांना ती पहिल्याच दिवशी दम भरी. "किरण पसरट ठेवायचा. बारीक केलात तर काच तापते आणि सोडियम तिथून पळ काढतो. मग आकडा कमी दिसणार, आणि तुम्ही एका उद्रेकाची राख दुसऱ्याच्या नावावर चढवून मोकळे. बारीक करायचाच झाला, तर ज्या काचेतलं प्रमाण आपल्याला आधीच ठाऊक आहे ती काच त्याच बारीक किरणाखाली तपासून घ्यायची. ती बरोबर आली तरच पुढे. कळलं? नाही कळलं तर आत्ता विचारा, नंतर रडू नका."

तिच्या हयातीत डोंगर दोनदा फुटला होता. पहिल्या खेपेची ती थोरली राख, दुसऱ्या खेपेची धाकटी. गावाने ठेवलेली ही नावं प्रयोगशाळेतही रूढ झाली होती. थोरली पडली तेव्हा राखबाई नऊ वर्षांची होती, आणि त्याच दिवशी तिचे बाबा गेले.

कुठे गेले, हाच तर सगळा वाद. बाबा वायरमन होते. डोंगरावरच्या खांबांची देखभाल त्यांच्या टोळीकडे होती. त्या सकाळी टोळी वर गेली, दुपारी भरदिवसा अंधार झाला, आणि तोंडाला फडकी बांधलेले बाकीचे सगळे खोकत खोकत खाली आले. बाबा आले नाहीत. शोधाशोध झाली, हाती काही लागलं नाही. आई म्हणाली, राखेत गेले. पण बाबांचा धाकटा भाऊ, राखबाईचा काका, पहिल्यापासून वेगळंच म्हणत होता. "माझ्या भावाला मी ओळखतो. तो राखेत सापडणारा माणूस नव्हे. संधी साधली आणि सटकला." वर्षभराने एका ट्रकवाल्यानेही सांगितलं, की डोंगरापलीकडच्या लाकडाच्या वखारीत हुबेहूब तसाच माणूस पाहिला. आईने त्या ट्रकवाल्याच्या अंगावर बादलीभर पाणी ओतलं आणि त्याला सबंध गल्लीदेखत शिव्या घातल्या.

तेव्हापासून आईने जणू व्रतच घेतलं. नवरा राखेत गेला नाही असं कुणी नुसतं सुचवलं तरी ती पदर खोचून उभी राही. काकाशी तर तिचं उभं वैर. दोघांनी जन्मभर भांडून घेतलं, पण काकाने येणं सोडलं नाही आणि तिने त्याला चहा देणं सोडलं नाही. भांडायलाही घरचंच माणूस लागतं ना! या सगळ्यात राखबाईचं लग्न राहून गेलं. स्थळं येत. वडील काय करतात, हा प्रश्न येई. आई म्हणे, "वारले." तेवढ्यात काका खाकरे. पाहुणे एकमेकांकडे बघत आणि निरोप कळवतो म्हणून उठत. चार-पाच वेळा हे झाल्यावर राखबाईने स्वतःच तो विषय मिटवला.

ती आईच्या बाजूची होती. मनापासून होती. ज्या बापाने तिला सायकल शिकवली, तिच्या गुडघ्याला फुंकर घातली, तो तिला टाकून डोंगरापलीकडे निवांत लाकडं कापत बसला होता, हे मानायला तिचं मन धजावत नव्हतं. मेलेला बाप तिला सोसवत होता. पळालेला सोसवला नसता.

आणि मग, इतक्या वर्षांनी, बाबा सापडले. डोंगरापलीकडे रस्ता रुंद करताना एका घळीत हाडं निघाली. पोलिसांनी राखबाईची लाळ तपासायला नेली आणि निकाल आला, हाडं तिच्या वडिलांचीच. माणूस कोण ते ठरलं. केव्हा गेला ते ठरेना. इतक्या जुन्या हाडांवरून आठ-दहा वर्षांचा फरक सांगता येणार नाही म्हणून डॉक्टरांनी हात वर केले. पण हाडांवर राखेचा एक थर होता, न विस्कटलेला, वरून पडला तसाच. खाली खडक, मध्ये माणूस, वर राख, आणि राखेच्या आतल्या बाजूला अंगाचा ठसा, म्हणजे माणूस पडला तेव्हाच पडलेली; दुसरी राख त्या उतारावरून केव्हाच वाहून गेली होती. ती थोरली असेल तर बाबा त्याच दिवशी, वाट चुकून पलीकडे उतरताना गेले. धाकटी असेल तर मधली आठ वर्षं ते जिवंत होते आणि घरी आले नाहीत. पोलिसांनी त्या थराची पिशवी प्रयोगशाळेत पाठवली. दुसरीकडे कुठे पाठवणार? त्या भागात राखेचा निवाडा करणारं तेवढं एकच ठिकाण.

मॅडम तेव्हा परगावी परिषदेला गेल्या होत्या. त्यांनी फोनवर बजावलं, "तुम्ही त्या पिशवीला हात लावायचा नाही. तुमच्या घरचा नमुना आहे. मी आले की मी करीन."

"मॅडम, आई फार आजारी आहे हो."

"मला कळतंय. पण नियम नियम आहे. चार दिवस कळ काढा."

चार दिवस! आईचं हृदय थकलं होतं. पायांवर सूज, बोलताना धाप. डॉक्टरांनी राखबाईला दाराबाहेर नेऊन सांगितलं होतं, की आता औषधांच्या भरवशावर राहू नका. आई उशाला टेकून बसल्या बसल्या रोज एकच विचारी, "काय गं, लागला का निकाल?" राखबाईला दुसरं काही सुचेना. जन्मभर या बाईने एकटीने सगळ्या जगाशी भांडण केलं, आणि ती जिंकल्याचं कळण्याआधीच डोळे मिटणार? सुट्टीच्या दिवशी दुपारी तिने प्रयोगशाळेचं कुलूप उघडलं.

कण वाईट होते. बुडबुड्यांनी भरलेले, भिंती कागदासारख्या पातळ. पसरट किरण त्यावर मावेना, अर्धा काचेवर, अर्धा रेझिनवर. प्रमाण ठाऊक असलेली ती ओळखीची काच तिने सुरुवातीलाच पसरट किरणाखाली तपासली होती आणि ती बरोबर आली होती. राखबाईने किरण बारीक केला. नव्या माणसाने केला असता तर तिने त्याला खुर्चीवरून उठवलं असतं. पण त्या दुपारी तिला घाई होती आणि तिला काय हवंय ते तिला आधीच ठाऊक होतं. ओळखीची काच तिने पुन्हा तपासली नाही. पहिल्या कणात सोडियम कमी. दुसऱ्यात कमी. तिसऱ्यात, चौथ्यात. थोरल्या राखेत सोडियम कमी असतो, धाकटीत जास्त. राखबाई खुर्चीत मागे रेलली आणि मोठ्याने रडली. आनंदाने रडली. यंत्र बंद करायचंही तिला भान राहिलं नाही.

घरी काका आलेला होता. तिने चपलासुद्धा काढल्या नाहीत. "आई, थोरली आहे! थोरली! बाबा त्याच दिवशी गेले. तू म्हणत होतीस तसंच." तिचा चेहरा फुलला होता, ती हसत होती आणि डोळे पुसत होती. काका पांढराफटक पडला. मग उठला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने वहिनीच्या पायांना हात लावला. "चुकलं माझं, वहिनी. माझ्या देवासारख्या भावाला मी..."

आई त्याच्या वाकलेल्या पाठीकडे बघत राहिली. राखबाईला वाटलं, आनंद मोठा असला की असं होतं. तिने पाणी आणलं. आईने भांडं हातात धरलं, पण ओठांना लावलं नाही.

"त्याच दिवशी?" आईने विचारलं.

"त्याच दिवशी, आई."

"नक्की?"

"अगं नक्की म्हणजे काय! माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

तेव्हा आईने भांडं खाली ठेवलं आणि म्हणाली, "म्हणजे मीच मारलं त्यांना."

ते त्या दोघांना पहिल्यांदाच कळत होतं. आदल्या दिवशी आई-बाबांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. सकाळी बाबा म्हणाले, डोंगर गुरगुरतोय, ज्याला भीती वाटते त्याने यायची सक्ती नाही असं मुकादम म्हणालाय, मी आज राहतो. आईच्या डोक्यातून राग गेला नव्हता. "मी म्हटलं, भित्रे कुठले! राहा, बांगड्या भरून बसा घरात. नाहीतरी तुमचं तोंड बघायची मला हौस नाही. ते तसेच उठले. डबासुद्धा घेतला नाही."

"मग तू इतकी वर्षं भांडलीस कशासाठी?" काकाने विचारलं.

"लोकांशी भांडायचे, भावजी. बाईला टाकून गेला म्हणतील, पोरीला नावं ठेवतील, म्हणून. पण तुम्ही येऊन म्हणायचात ना, तो पळाला, तेव्हा आतून बरं वाटायचं मला. वाटायचं, पळाले असतील. कुठेतरी जेवत असतील. माझ्यावर रागावलेले का असेनात, पण असतील. म्हणून तर तुम्हाला चहा देत होते."

ज्या निकालासाठी तिने नियम मोडला, तो तिने आईच्या उरावर धोंड्यासारखा आणून ठेवला होता. त्या दिवसापासून आईने अन्न टाकलं. समजूत घालायला जावं तर ती एकच म्हणे, "तुझा बाप मी खाल्ला. मला माफ केलं म्हण."

"माफ कसलं करायचं, आई? तू काही केलं नाहीस."

"म्हण गं. एकदा म्हण."

राखबाई म्हणत नसे. ते म्हणणं म्हणजे आईने गुन्हा केला असं कबूल करणं, आणि तिची जीभ तिकडे वळत नव्हती.

मॅडम परत आल्या त्या दिवशी तिने आपण होऊन सगळं सांगितलं. मॅडमचा चेहरा कडक झाला, पण त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी आकडे वाचले आणि एवढंच विचारलं, "किरण बारीक केल्यावर ओळखीची काच पुन्हा घेतलीत का?"

राखबाईने ओळखीच्या काचेची वडी काढून मॅडमसमोर ठेवली. दोघींनी मिळून ती काच बारीक किरणाखाली ठेवली, आणि तिच्यातला सोडियमही कितीतरी कमी दिसला. मग मॅडमनी नवी वडी स्वतः घासली, शोधून शोधून त्यातल्या त्यात जाड कण निवडले, किरण पसरट केला. राखबाईला त्यांनी यंत्राला हात लावू दिला नाही. ती शेजारी उभी राहून पडद्याकडे बघत होती. सोडियम जास्त. पुन्हा जास्त. प्रत्येक कणात जास्त. त्यांनी दोन्ही राखांचे जपून ठेवलेले नमुनेही त्याच किरणाखाली ताडून पाहिले. शंकेला जागा उरली नाही.

"धाकटी आहे," मॅडम म्हणाल्या. "वाईट वाटतं मला."

वाईट वाटण्यासारखंच होतं. बाबा पळाले होते. ती दहावीत पहिली आली तेव्हा ते डोंगरापलीकडे होते. तिला टायफॉइड झाला तेव्हा होते. पाहुण्यांसमोर ती मान खाली घालून बसली ती नंतर, पण त्या आठ वर्षांत त्यांना घरी यायला एक दिवस पुरला असता. काका खरं बोलत होता, ट्रकवाला खरं बोलत होता, आणि ती जन्मभर एका पळपुट्यासाठी रडली होती. पण त्या दुःखाकडे बघायला तिला सवड नव्हती. ही बातमी म्हणजे आईची सुटका होती. ती रस्त्याने अक्षरशः पळत सुटली. शिंप्याने मान वर केली, पण तिचा अवतार बघून खडा टाकला नाही.

"आई, माझी चूक झाली! थोरली नाही, धाकटी आहे. तुझ्यामुळे नाही गेले ते. ते पळाले होते. आठ वर्षं जिवंत होते, आई!"

आईने तिच्याकडे निरखून पाहिलं. मग तिचा हात हातात घेऊन ती हळूच थोपटू लागली.

"शहाणी माझी पोर. नको गं असं करूस."

"मी खोटं बोलत नाहीये! किरण बारीक झाला होता, सोडियम..."

"त्या दिवशी तू आलीस तेव्हा तुझं तोंड कसं उजळलं होतं. ते खोटं नव्हतं. आज बघ आरशात. रडवेली झालीयस. बापाला पळपुटा ठरवताना जीव तुटतोय तुझा, माझ्यासाठी."

जीव तुटतच होता, पण त्याचं कारण आईला कसं समजावणार? राखबाईने छापलेले आकडे आणले, दोन राखांचे, घळीतले, शेजारी शेजारी मांडले. आई म्हणाली, आकडे तूच काढतेस. तिने मॅडमना घरी आणलं. मॅडम पलंगाशेजारी बसून शांतपणे सगळं बोलल्या. आईने त्यांचं ऐकून घेतलं, चांगल्या आहात हो, म्हणाली, आणि त्या गेल्यावर मुलीला म्हणाली, "बिचारीला कशाला खोटं बोलायला लावलंस?"

शेवटचा उपाय म्हणून तिने काकाला बोलावलं. काका आधीच खचलेला. आधी चुकलो म्हणून पाया पडला होता, आता तोच बरोबर होता, आणि बरोबर असल्याचा त्याला काडीचाही आनंद नव्हता. तो पलंगाच्या काठावर बसला. जन्मभर हजारदा म्हटलेलं वाक्य त्याने पुन्हा म्हटलं. "वहिनी, तो पळालाच होता. मी म्हणत नव्हतो का?"

आई हसली. "भावजी, आधी भांडायचात ना, तेव्हा तुमचा आवाज चढायचा. आज तो कापतोय. तुम्हाला खोटं बोलणं कधी जमलंच नाही."

काका उठून गॅलरीत गेला आणि कठड्याला धरून लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला. आत राखबाईने आईचे खांदे धरले. तिला रागसुद्धा आला होता, सगळ्यांचा राग, त्या पळालेल्या माणसाचा, आईचा, आणि सर्वांत जास्त त्या दुपारच्या आपल्या घाईचा. "ऐक ना गं! एकदा तरी माझं ऐक! नवऱ्याने तुला टाकलं होतं! तू त्याला मारलं नाहीस!" ती ओरडली. आईच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण मान नकारार्थीच हलत राहिली.

दोन दिवसांनी आईची धाप वाढली. डॉक्टर येऊन गेले, काका कोपऱ्यात बसून होता. आईला आता एकेक शब्द ओढून आणावा लागत होता, आणि तिचे शब्द तेच होते. माफ केलं म्हण. राखबाईने पुन्हा सांगायला तोंड उघडलं, धाकटी, सोडियम, आठ वर्षं. आईने तिचं मनगट घट्ट धरलं. त्या हातात एवढा जोर कुठून आला कोण जाणे. ती मुलीच्या ओठांकडे बघत होती, आणि तिला जायचं होतं, आणि जाता येत नव्हतं.

काकाने कोपऱ्यातून म्हटलं, "म्हण पोरी. आता म्हणून टाक."

राखबाईने आईच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"माफ केलं, आई."

आईची पकड सुटली. चेहऱ्यावरचा ताण उतरला, आणि तिने मोठा श्वास घेतला.

"बघ," ती म्हणाली, "म्हणजे थोरलीच होती."